खांद्यावरचा बिल्ला

त्या मे महिन्यात फरजाना अमरावतीहून बाळापूरला घरी चालली होती. अकोल्याला गाडी बदलायची होती. मध्ये वेळ होता म्हणून ती स्टँडबाहेर पाणी घ्यायला निघाली आणि जवळच्या मैदानावरची गर्दी पाहून थबकली. महिला शेतकऱ्यांचा मेळावा होता. खरिपाआधी बायांना तुरीचं आणि मुगाचं बियाणं फुकट वाटणार होते. पावसानं लागोपाठ दगा दिलेला, पेरायला राखून ठेवलेलं धान्यही घराघरांत शिजून गेलेलं, त्यामुळे अख्ख्या जिल्ह्यातून बाया लोटल्या होत्या. आणि दारात टेबल होतं एकच.

टेबलामागचा माणूस प्रत्येकीला नाव विचारी, गाव विचारी, पानं उलटून ते शोधी आणि सापडलं की अंगठा घेई. रांग मैदानाला वळसा घालून रस्त्यावर आली होती. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते सांगायला नको. फरजानाच्या देखत रांगेतली एक बाई गुडघ्यात दुमडली आणि बसता बसता आडवी झाली. फरजानानं आणखी दोघींच्या मदतीनं तिला रसवंतीच्या छपराखाली नेलं, तोंडावर पाणी मारलं. बाईनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "माह्या नंबर गेला काय वो?"

नंबर गेला होता. थोड्या वेळानं बियाणंही संपलं. रांगेतल्या कितीतरी जणी रिकाम्या हातानं परतल्या, आणि मागच्या दारानं गडीमाणसं मात्र बायांच्या नावच्या पिशव्या मोटरसायकलींवर लादून नेत होती. तेही फरजानानं पाहिलं.

त्या बाईचं नाव जयवंता. अकोटकडच्या एका खेड्यात ती वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि बाजाराच्या दिवशी अकोटात पाटी घेऊन बसायची. फरजानानं तिला अकोटच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून जयवंताबाई म्हणाली, "आता नाई येत बाप्पा मी पुन्ना. भीक मागाले आल्यावानी वाटते."

हे बोलणं फरजानाच्या मनातून जाईना. कारण रांगा मोडणं हाच तर तिचा धंदा होता.

अमरावतीत इंजिनियरिंग झाल्यावर नोकरीच्या मागे न लागता तिनं आणि मंजुषा नावाच्या तिच्या मैत्रिणीनं मिळून एक छोटं काम सुरू केलं होतं. डॉक्टरांच्या परिषदा, कॉलेजांची संमेलनं, असल्या कार्यक्रमांना त्या दोघी आरएफआयडीचं गेट लावून देत. पाहुण्यांना आधीच एक कार्ड द्यायचं. कार्डाच्या पोटात कागदासारखी पातळ चिप. तिला ना सेल लागत ना बॅटरी. दारात दोन खांब उभे करायचे, त्यांवर अँटेना. कार्डवाला माणूस मधून चालत गेला की खांबांतल्या लहरींनी चिप जागी होते, आपला नंबर सांगते आणि कॉम्प्युटरवर त्या माणसाचं नाव आणि फोटो उमटतो. थांबायचं नाही, सही नाही, काही दाखवायचं नाही. सुटाबुटातल्या डॉक्टरांची रांग आपण मोडतो, मग उन्हातली ही रांग का नाही, हे फरजानाच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढच्या मेळाव्याला काही महिने उरले असताना ती मेळावा भरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांकडे गेली. खुशालराव त्यांचं नाव. पांढराशुभ्र शर्ट, गोड बोलणं, आणि जिल्ह्यात त्यांच्या शब्दाबाहेर मंडपाचा खांबही उभा राहत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मशीन चांगली हाये, बेटा. पण ह्या बाया पडल्या खेड्यातल्या. त्याईले हे समजन काय?"

"त्यांले काही समजायची गरजच नाही, काका. त्यांनी फक्त चालायचं. समजून घ्यायचं काम गेटचं हाये."

खुशालराव हसले. पण त्यांना खरी भुरळ पडली ती वेगळ्याच गोष्टीची. आत किती बाया आल्या त्याचा आकडा मोठ्या पडद्यावर दाखवता येतो, असं फरजाना बोलून गेली होती.

"स्टेजच्या बाजूलेच लाव थो पडदा," ते म्हणाले. "मुंबईचे पाहुणे आले की आकडा समोर दिसला पायजे."

काम मिळालं. फरजाना पहिल्यांदा गेली ती जयवंताबाईच्याच गावी. मंदिराच्या ओसरीसमोर तिनं खांब उभे केले आणि निळ्या पट्ट्यांची कार्डं बायांच्या हातात दिली. जयवंताबाईनं पट्टी बोटावर धरून कार्ड लोंबकळत ठेवलं.

"हे गयात बांधाचं?"

"हो मावशी. मग गेट आपोआप ओळखते."

"मागच्या महिन्यात ढोराचा डॉक्टर आलता. गाईच्या कानात पिवळी चकती ठोकून गेला. आता आमच्या गयात पट्टा?" जयवंताबाईनं कार्ड परत तिच्या हातात ठेवलं. "आमी का ढोरं हावो काय, पोरी?"

बाया हसल्या, पण एकीनंही पट्टी गळ्यात घातली नाही. कोणी कार्ड बटव्यात टाकलं, कोणी ब्लाउजमध्ये खोचलं आणि खांबांमधून चालून दाखवलं. गेट मुकं राहिलं. फरजानाला कारण ठाऊक होतं: माणसाचं अंग म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाणी त्या लहरी पिऊन टाकतं. चिप अंगाला चिकटली की मेलीच. गळ्यात लोंबती पाहिजे, नाहीतर अंगापासून थोडी दूर तरी.

मंजुषा म्हणाली, "पट्टा घातल्याशिवाय बियाणं नाही म्हणून सांगू. घालतील झक मारून."

"मग गेल्या वर्षीच्या टेबलात आणि आपल्यात फरक काय राहिला?" फरजाना म्हणाली. सामान आवरून ती पुन्हा ओसरीवर येऊन बसली. "मावशी, गळ्यात नको ना? मग कुठं लावलेलं चालन, ते तुमीच सांगा."

जयवंताबाईनं विचार केला. "स्टेजवरच्या पाहुण्याईले थो रिबिनीचा बिल्ला लावतेत ना, खांद्याखाली? तसा लाव. आमी बी बलावल्यावरच येऊन राहिलो ना?"

बिल्ला! फरजाना अकोटहून बाळापूरला येईपर्यंत त्याचाच विचार करत राहिली. बिल्ला पदरावर लागेल, पण पदराखाली खांदा आहेच. चिप आणि अंग यांच्यामध्ये काहीतरी जाड हवं, जाड असून हलकं हवं. घरी पोचली तेव्हा तिचे अब्बा, अब्दुल गफ्फार, दुकानात गादी भरत बसले होते. तीन पिढ्यांचं पिंजाऱ्याचं घर ते. नाकातोंडाला फडकं, भुवयांवर कापसाचे तंतू. फरजाना दारातच उभी राहिली आणि त्या कापसाच्या ढिगाकडे बघतच राहिली.

"अब्बा, एक छोटी गादी भरके देते क्या? हथेली इतनी."

"गुड़िया की शादी है क्या?"

तिनं समजावून सांगितलं. अब्बांनी कपाळाला हात लावला. "सारी उम्र गादियाँ भरने में गई. अब बिल्ले भरूँ?" पण सुई त्यांनी उचलली होती.

पहिला बिल्ला उशीसारखा फुगला. दुसरा इतका पातळ झाला की चिप पुन्हा मुकी. मग कापूस दाबून, मध्ये टाके घालून, वर चिप आणि तिच्यावर झेंडूच्या रंगाची रिबीन, असा एक जमला. फरजानानं तो अब्बांच्याच कुर्त्यावर लावला आणि त्यांना खांबांमधून चालायला सांगितलं. गेट टणकन वाजलं. अब्बा थांबले. मागे आले, पुन्हा गेले. पुन्हा वाजलं. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी त्यांच्या फेऱ्या चालूच होत्या.

मोहल्ल्यातल्या बायकांनी शिवायला हात लावला. फरजाना आणि मंजुषा गावोगाव फिरल्या, प्रत्येक बाईचा फोटो घेतला आणि तिच्या नावचा बिल्ला तिच्याच हातात दिला. जयवंताबाई जिथे पोचता येईल तिथे बरोबर यायची आणि नव्या गावातल्या बायांना सांगायची, "पट्टा नोहे वो, पाहुण्याचा बिल्ला हाये. लावून पाय."

मेळाव्याच्या दिवशी सकाळीच बाया येऊ लागल्या. टेंपोतून, काळीपिवळीतून, एसटीतून. आत यायला एक गेट, बाहेर जायला दुसरं. पहिली बाई खांबांजवळ सवयीनं थांबली. कोणी नाव विचारेल म्हणून पदर सावरून उभी राहिली.

"थांबू नका मावशी, चालत राहा!" फरजाना ओरडली.

बाई बिचकतच आत गेली. टण्ण. शेजारच्या छोट्या पडद्यावर तिचा फोटो आला. मागून दुसरी, तिसरी, मग घोळकाच. गेट एकसारखं वाजत होतं आणि बाया बोलत बोलत आत चालल्या होत्या, बाजारात शिरावं तशा. रस्त्यावर रांग नव्हतीच. जयवंताबाई आत गेली, बाहेरच्या गेटनं परत आली आणि पुन्हा आत गेली. "माह्यं तोंड पाहाले आलती," ती म्हणाली. मंडपात पंख्याखाली जागा भरत चालल्या. स्टेजजवळच्या मोठ्या पडद्यावरचा आकडा चढत होता आणि खुशालराव दर थोड्या वेळानं त्याच्याकडे पाहून खिशातला रुमाल काढून मान पुसत होते.

मग मनोज आला. मनोज म्हणजे खुशालरावांचा पुतण्या. बोरखेडीच्या बायांना आणायचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. हातात एक जड कापडी पिशवी, मागे दोन पोरं. "समितीचा माणूस हाये," म्हणत तो गेटमधून आत शिरला.

गेट वाजलं. आणि वाजतच राहिलं. एकटा मनोज खांबांच्या मधोमध उभा आणि छोट्या पडद्यावर बायांचे फोटो एकामागून एक येत चालले: म्हाताऱ्या, तरण्या, कुंकवाच्या, बिनकुंकवाच्या. आसपासच्या बाया हसायला लागल्या. "आवो, ह्या बुवाच्या अंगात कितीक बाया आल्या!" कोणीतरी ओरडलं.

जयवंताबाई हसत नव्हती. ती पडद्याकडे बोट दाखवत होती. "हे तं सुभद्रा. बोरखेडीची. आमी बाजारात संग बसतो. सुभद्रा कुठी हाये?"

मनोजनं पिशवी पाठीमागे घेतली. "नाई आल्या त्या. त्याईनंच बिल्ले देल्ले मले. म्हने, आमच्या पिशव्या तूच घेऊन ये."

जयवंताबाईनं कनवटीचा मोबाइल काढला आणि तिथेच सुभद्राला फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता. सगळ्यांना ऐकू आला.

"काहून वो सुभद्रा, आली नाई?"

"कुठी?" पलीकडून आवाज आला. "मेळावा पुढं ढकलला ना? मनोजभाऊ सांगून गेला. बिल्ले बी घेऊन गेला, हरपतीन म्हने."

फरजानानं हात पुढे केला. "पिशवी द्या, मनोजभाऊ."

मनोजनं पिशवी दिली नाही. तो काकांना बोलवायला गेला, आणि खुशालराव स्वतः आले. फरजानाला ते बाजूला घेऊन गेले. आवाज अजून गोडच होता.

"बेटा, पोरगं चुकलं. मी पाहून घेईन त्याले. पण बिल्ले आत आले, आकडा चढला. आता तमाशा नको. पाहुणे पोचूनच राहिले."

"आकडा मी उतरवला, काका," फरजाना म्हणाली. मंजुषानं खरंच त्या नोंदी काढून टाकल्या होत्या. "त्या बाया आत नाहीत. त्यांना आणायला गाडी पाठवा. बोरखेडी काही लांब नाही. येईपर्यंत त्यांचं बियाणं बाजूला ठेवा."

"मशीन तुही हाये. कार्यक्रम माह्या हाये."

"माझं काम एवढंच आहे की आत कोण आलं ते खरं सांगायचं. तेच खोटं सांगायचं असलं तर गेट कशाले पायजे? टेबल बरं होतं."

खुशालरावांचा चेहरा बदलला. "अकोल्यात, अमरावतीत, बुलढाण्यात, कुठीच काम भेटणार नाई तुले. माह्या एका फोनचं काम हाये. समजून राहिली ना?"

हे खांब, हे रीडर पुण्याहून आणताना अब्बांनी काय काय मोडलं होतं ते फरजानाला आठवलं. मंजुषा कॉम्प्युटरमागून तिच्याकडेच पाहत होती. मागे सर, असं ती म्हणाली असती तर फरजानाला राग आला नसता. पण मंजुषानं फक्त मान हलवली, आणि ती मान हो म्हणणारी होती.

"समजलं," फरजाना म्हणाली. "गाडी पाठवा, काका."

"गेट बंद कर. मी माणसं लावतो हातानं नावं घ्याले."

फरजाना गेली आणि वायरींचा डबा होता त्याच्यासमोर उभी राहिली. "हे माझं सामान आहे. याला हात लागणार नाही."

हे सगळं जयवंताबाईनं ऐकलं होतं. ती तडक मंडपात गेली, आपल्या गावच्या बायांशी बोलली. त्या उठल्या. शेजारच्या गावच्या उठल्या. भांडण नाही, घोषणा नाही. पदर सावरत, चपला शोधत, एकमेकींना हाका मारत त्या बाहेरच्या गेटकडे निघाल्या आणि तिथून एकेक करून बाहेर पडू लागल्या. बाहेरचं गेटही प्रत्येकीला टण्ण म्हणत होतं.

आणि मोठ्या पडद्यावरचा आकडा उतरू लागला.

खुशालराव धावत मंडपाकडे गेले. "बसा वो बाया, बसा! पाहुणे येऊन राहिले!"

"सुभद्रा आली की बसतो," जयवंताबाई चालता चालता म्हणाली. "आमच्या जागा कुठी पळून जात नाईत."

बाया बाहेर कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसल्या. पंख्यांखाली रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा उरल्या. पडद्यावरचा आकडा आता मुंबईच्या पाहुण्यांना दाखवण्यासारखा राहिला नव्हता. खुशालराव पडद्याकडे पाहत उभे होते. पडदा बंद करावा तर रिकाम्या खुर्च्या कशा झाकणार? पाहुण्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी "या, या, सगळं तयार हाये" असं सांगितलं खरं, पण फोन ठेवल्यावर रुमाल काढायचंही त्यांना सुचलं नाही.

शेवटी त्यांनी मनोजच्या हातातली पिशवी हिसकावली आणि फरजानासमोर आणून आदळली. मग ड्रायव्हरला हाक मारली. "मेटाडोर काढ. बोरखेडीले जा. अन् ह्याले संग ने, हाच बलावून आणीन त्याईले."

मेटाडोर परत आली तेव्हा पाहुण्यांची भाषणं सुरू व्हायची होती. बोरखेडीच्या बाया शेतातून उठून तशाच आल्या होत्या. कोणाच्या पायाला माती, कोणाच्या पदराला झेंडूचा वास. सुभद्रा सगळ्यांत पुढे होती, धिप्पाड आणि रागानं लाल झालेली. फरजानानं पिशवी मोकळी केली. मंजुषा पडद्यावरचा फोटो आणि समोरचं तोंड पाहून नाव सांगे, आणि फरजाना तो तो बिल्ला त्या त्या खांद्यावर आपल्या हातानं लावी. घाई होती, पण एकीलाही पिन टोचली नाही.

"आता जा मावशी. थांबू नका."

बोरखेडीच्या बाया आत गेल्या. त्यांच्यामागून कडुनिंबाखालच्या बाया उठल्या. गेट पुन्हा वाजायला लागलं, आणि या वेळी ते इतका वेळ वाजत राहिलं की स्टेजवरच्या निवेदकाला बोलणं थांबवावं लागलं. बियाणं वाटताना कोणाचं नाव विचारावं लागलं नाही. बाई समोर आली की पडद्यावर ती दिसे, पिशवी तिच्या हातात जाई. त्या दिवशी आलेली एकही बाई पिशवीविना राहिली नाही, आणि मागच्या दारानं एकही मोटरसायकल गेली नाही.

खुशालरावांनी आपला शब्द मात्र खरा केला. नंतरच्या हंगामात अकोल्यातली ठरलेली दोन कामं फरजानाच्या हातून गेली. कारण कोणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पुढच्या मेळाव्याला दारात पुन्हा टेबल लागल्याचं तिला मंजुषाकडून कळलं, आणि त्या मेळाव्याला बायाच फारशा आल्या नाहीत हेही कळलं. दोघींनी अमरावतीत मिळतील ती छोटी कामं घेतली. एका लग्नातसुद्धा गेट लावलं; वरमाय त्यातून जाताना इतकी दचकली की वऱ्हाड आठवडाभर हसत होतं. फरजाना कामं करत राहिली. आपण चुकलो, असं तिला एकदाही वाटलं नाही. भीती मात्र वाटायची, विशेषतः अब्बांनी काही न विचारता तिच्या ताटात जास्तीचं वाढलं की.

मग एका दुपारी जयवंताबाईचा फोन आला. मागे बाजाराचा गलबला होता.

"पोरी, आमी बायाईनं ठरवलं. आता आमचा आमीच भरवतो मेळावा. अकोटात, कापसाच्या जिनिंगच्या आवारात. बियाणं आमचंच, ज्याईचं पिकलं त्याईनं बाकीच्याईले द्याचं. सुभद्रा अध्यक्ष हाये. गेट तूच लावजो."

"मावशी, आवार केवढं आहे? दारं किती?"

"मले काय मालूम? येऊन पाय ना. एक दार तं एवढं मोठं हाये की कापसाची गाडी जाते त्याच्यातून."

फरजानानं मंजुषाला खुणेनं कागद मागितला. कापसाची गाडी जाईल एवढ्या दाराला दोन खांब पुरणार नव्हते. वरूनही एक अँटेना टांगावी लागणार होती, आणि जिनिंगच्या लोखंडी फाटकानं लहरी उलटसुलट उसळणार होत्या, त्याचंही काही करावं लागणार होतं. तिनं कागदावर दाराची चौकट काढली.

"उद्या सकाळच्या गाडीनं येते," ती म्हणाली. "फाटकाची किल्ली कोणाकडे आहे तेवढं विचारून ठेवा."